वहिनींचा कॅमेरा

आमच्या वहिनी बंड्याची शर्यत बघायला कधीही येत नाहीत.

बंड्या म्हणजे माझा पुतण्या. इंजिनिअरिंग कसंबसं पूर्ण केलेला, आणि मोटारसायकलच्या शर्यतींचा नाद लागलेला. कोल्हापुरात ‘नाद’ या शब्दाला काय वजन आहे ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या आजोबांना बैलगाडी शर्यतीचा नाद होता, दादाला कुस्तीचा, आणि या पोराला हा. “नाद तोच हाय, फक्त बैल बदलले,” असं दादा म्हणतो. वहिनींना हा विनोद अजिबात आवडत नाही.

शर्यतीच्या दिवशी वहिनी सकाळपासून चकल्या करतात. दिवाळी असो वा नसो. हात कामात असले की डोकं गप बसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी टीव्ही बंद, फोन दादाच्या खिशात. मग संध्याकाळी बंड्याचा फोन येतो, “आई, हात-पाय जागेवर आहेत,” आणि तेव्हा कुठे गॅस बंद होतो. त्यानंतर मात्र त्यांना सगळं बघायचं असतं. पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत. आणि घरात कॅमेरा बाळगणारा मी एकटाच, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

तर, शर्यतीच्या शूटिंगसाठी कॅमेरा कुठला घ्यावा, असं मला हल्ली दोन-चार जणांनी विचारलं, त्याचं हे उत्तर. जरा लांबण लागणार आहे. ज्यांना कॅमेऱ्यात रस नाही त्यांनी मधले आकडे सोडून वाचलं तरी चालेल. (वहिनी, तुम्हीसुद्धा.)

पहिल्यांदा गेलो २०२३ साली. चेन्नईहून बंगळूरूच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै नावाचं गाव लागतं. हे नाव मी तीन वेळा खोडून लिहिलंय. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, १९९० साली सुरू झालेला, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा. त्याआधी वर्षानुवर्षं या क्लबच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. आपल्याकडे मोटारींच्या शर्यती म्हटलं की लोकांना २०११ ते २०१३ या तीन वर्षांतली नोएडाची फॉर्म्युला वन आठवते, पण दक्षिणेत हे प्रकरण पन्नासच्या दशकापासून चालू आहे.

मी पुण्यात राहतो, आणि हिवाळ्यात रविवारी पहाटे उठून भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या मंडळींपैकी आहे. त्यामुळे माझी एक पक्की समजूत होती, की जे लांब आहे आणि हलतंय, त्याला मोठी लेन्स लावायची. कॅमेरा माझा जुनाच, क्रॉप सेन्सरवाला. त्याला पुण्यातल्या एका दुकानातून १५०-६०० मिलिमीटरची लेन्स तीन दिवसांच्या भाड्याने आणली. लेन्स कसली, तोफच ती. विमानतळावर सुरक्षा तपासणीत ती पिशवीतून काढून दाखवताना मला उगाच आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं होतं.

ट्रॅकवर गेल्यावर एका वळणाबाहेर, प्रेक्षकांच्या जाळीला टेकून उभा राहिलो. ट्रॅकच्या अगदी कडेला जायला आयोजकांचा पास लागतो, तो माझ्याकडे नव्हता. लेन्स ६००वर, फोकस ऑटो, कॅमेरा हातात. पहिल्या तीन लॅप बंड्या फ्रेमभर दिसला, म्हणजे जेव्हा दिसला तेव्हा. हेल्मेटवरचा अंबाबाईचा स्टिकरसुद्धा वाचता येत होता. मी खूश.

चौथ्या लॅपला तो माझ्यासमोरच पडला.

पडला म्हणजे पुढचं चाक सुटलं, गाडी एकीकडे आणि तो दुसरीकडे असे घसरत गेले. हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला दिसलं ते असं, की फ्रेममध्ये बंड्या होता, आणि मग नव्हता. मी कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. गवत दिसलं, आभाळ दिसलं, जाळीची तार दिसली. ऑटो फोकस बिचारा पुढेमागे धावत राहिला. कॅमेरा खाली करून नुसत्या डोळ्यांनी बघावं हे मला सुचलं नाही, याची लाज मला अजून वाटते. बऱ्याच वेळाने एक मार्शल पळताना सापडला, त्याच्यामागोमाग मी गेलो, तर बंड्या टायरच्या भिंतीपलीकडे उभा, एका हाताने हेल्मेट काढतोय. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही.

आठवड्याने कोल्हापुरात टीव्हीला पेनड्राइव्ह लावून सगळे बसले. बंड्या कोपराला पट्टी लावून जमिनीवर, चकल्यांचा डबा मांडीवर. पडण्याचा प्रसंग आला आणि गेला. वहिनी म्हणाल्या, “भावजी, मागं घ्या.” मी घेतलं. पुन्हा म्हणाल्या, “मागं घ्या.” असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं.

“अकरा सेकंद. ह्या अकरा सेकंदांत हा कुठं होता?”

“आई, मी हितंच हाय की,” बंड्या तोंडात चकली घेऊन म्हणाला.

“आत्ता हायस. तवा कुठं होतास?”

कोणीच काही बोललं नाही. दादाने उठून पंखा वाढवला. माझ्या लक्षात आलं, की वहिनींनी दिवसभर चकल्या तळून जे डोक्यातून बाहेर ठेवलं होतं, ते मी गवत आणि आभाळ दाखवून त्यांच्या हातात दिलं होतं. पोरगा पडताना दिसला असता तर तो उठतानाही दिसला असता. मधली रिकामी जागा ज्याची त्याने भरायची, आणि आई ती कशाने भरणार ते सांगायला नको.

पुण्याला परतल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद. त्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, की ६० मीटर अंतरावर दिसणारी जागा असते जेमतेम सव्वादोन मीटर रुंद. मोटारसायकलच दोन मीटर लांब! म्हणजे माझा हात वीतभर चुकला तरी गाडीचं चाक कापलं जाणार, आणि गाडी सोडून माणूस दुसरीकडे गेला तर तो मला दिसणं शक्यच नव्हतं. फ्लेमिंगो चिखलात चोच घालून तासभर एका जागी उभा राहतो. त्याचा आणि शर्यतीचा काही संबंध नाही.

दुसरा हिशेब वेगाचा. ताशी १०८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला बरोबर ३० मीटर. गाडी तुमच्यापासून १० मीटरवरून समोरून गेली, तर त्या क्षणी कॅमेरा सेकंदाला सुमारे १७० अंश या गतीने फिरवावा लागतो. कमरेत असा झटका बसेल की फिजिओथेरपिस्टच गाठावा. तीच गाडी ६० मीटरवरून गेली तर सेकंदाला फक्त २९ अंश. जवळ गेल्याने शर्यत चांगली दिसते हा आपला गैरसमज. जरा लांब उभं राहावं, आणि लेन्स मध्यम ठेवावी. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर जे २०० मिलिमीटर असतं, तेवढ्या झूमला ६० मीटरवर सुमारे ११ मीटर जागा दिसते. गाडी फ्रेमच्या पाचव्या हिश्श्याएवढी. स्टिकर वाचता येत नाही, पण माणूस कुठे चाललाय ते कळतं.

मग प्रश्न कॅमेऱ्याचा. पहिल्या शूटिंगमध्ये अजून एक विचित्र गोष्ट होती. कॅमेरा जोरात फिरवला, की मागचे खांब तिरके दिसायचे. हल्लीचे बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात. शेवटची ओळ वाचेपर्यंत खांब पुढे सरकलेला असतो. ही भानगड जुनी आहे. लार्तीग नावाच्या फ्रेंच माणसाने ऐन तरुणपणी फ्रेंच ग्रांप्रीत एका मोटारीचा फोटो काढला होता. १९१२चा म्हणून तो प्रसिद्ध आहे, काही अभ्यासक १९१३चा मानतात. त्यात चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय, आणि मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कलले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून सरकत जायची, आणि तो मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता. शंभर वर्षांत फट जाऊन चिप आली, खांब तिरकेच राहिले. अख्खं चित्र एकदम टिपणारा सोनीचा ए९ थ्री २०२३च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला, पण त्याची किंमत ऐकून मी दादाला फोनसुद्धा केला नाही. तिरक्या खांबांनी वहिनींचं काही बिघडत नव्हतं.

अखेर मी सेकंडहँड सोनी आरएक्स१० मार्क फोर घेतला. २०१७ साली आलेलं मॉडेल. एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिलिमीटरच्या तोडीचा झूम अंगातच बसवलेला. लेन्स बदलायची नाही, म्हणजे ट्रॅकवरची धूळ आत जायची नाही. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे, हे महत्त्वाचं, कारण चेन्नईच्या उन्हात मागच्या पडद्यावर आपला स्वतःचा घामेजला चेहरा सोडून काही दिसत नाही. यात फोर-के आहे, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. मी साधं फुल एचडी ठेवलं आणि ६० फ्रेम घेतल्या. जिथे वेग आहे तिथे बारकाव्यापेक्षा फ्रेम जास्त हव्यात.

शटर १/१२५. काही हौशी लोक इथे १/२००० लावतात, कारण फोटोत तसं करतात. व्हिडिओत त्याने गाडी टुणटुण उड्या मारत गेल्यासारखी दिसते. फ्रेमच्या दुप्पट शटर, म्हणजे डोळ्याला सवयीची अशी थोडी धूसर गती येते. पण भर दुपारी १/१२५ म्हणजे चित्र पांढरंफटक. म्हणून पुढे एनडी फिल्टर लावायचा, गडद काचेचा, उजेडाचा सोळावा हिस्साच आत सोडणारा. कॅमेऱ्यालाही गॉगल लागतो, असं बंड्याला सांगितलं.

तिपाईऐवजी एकपायी मोनोपॉड घेतला, वर तेलाचा दाब असलेलं हेड. आणि उभं राहण्याची युक्ती फुकटातली: पाय रोवायचे ते शॉट जिथे संपणार तिकडे तोंड करून, आणि मग कमरेतून वळून जिथून गाडी येणार तिकडे बघायचं. गाडी आली की पीळ सुटत जातो, हात आपोआप सरळ येतो. उलटं केलं तर ऐन मोक्याला कंबर अडते. जाळीतून शूटिंग करायचं असेल तर लेन्स तारेला जवळजवळ चिकटवावी आणि झूम वाढवावा, तार विरून जाते. फोकस मात्र हाताने, ट्रॅकवरच्या एका खुणेवर आधीच लावून ठेवायचा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा जाळीच्याच प्रेमात पडतो.

एवढं सगळं जमवलं, तरी अकरा सेकंदांचं उत्तर त्यात नव्हतं. हातातला कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो माझ्याच हातात असणार, आणि पोरगा पडल्यावर माझे हात काय करतात ते मी बघितलं होतं.

ते उत्तर मिळालं आमच्या सोसायटीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून. जिन्यात सहज विषय निघाला. तो म्हणाला, “काका, मी एक कॅमेरा स्टेजसमोर लावून सोडून देतो. त्याच्याकडे बघतपण नाही. अक्षता पडताना माझा हातातला कॅमेरा कुठेही असू दे, कोणी मध्ये येऊ दे, कार्ड भरू दे. तो एक कधी चुकत नाही. लोक अल्बममध्ये माझे भारी शॉट बघतात. पण नवरीची आई तो उभा कॅमेराच बघते.”

झालं. दुसरा कॅमेरा म्हणून वहिनींचाच जुना फोन मागून घेतला. साधी तिपाई, पॉवरबँक, आणि उन्हात फोन तापून बंद पडू नये म्हणून वर बांधायला छत्री. फोन फोर-केवर, अख्खं वळण दिसेल असा लावायचा. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट चित्र, त्यामुळे नंतर हवा तो कोपरा कापून मोठा करता येतो.

२०२४मध्ये त्याच वळणावर पुन्हा उभा राहिलो. छत्रीखालचा फोन बघून आजूबाजूचे लोक हसत होते. एकाने विचारलं, कुल्फी आहे का म्हणून.

पाचव्या लॅपला पुन्हा एकजण पडला. मी व्ह्यूफाइंडरमध्ये बंड्याच्या मागे होतो, मला फक्त लोकांचा आवाज आला. पिवळा झेंडा हलायला लागला. एक क्षण पोटात खड्डा पडला, मग दिसलं की बंड्या पुढे निघून गेलाय. पडलेला दुसराच कोणीतरी होता.

शर्यत संपल्यावर फोन काढायला गेलो, तर छत्रीजवळ एक गृहस्थ उभे. माझ्याच वयाचे, कपाळावर विभूती. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. फोनकडे बोट दाखवून म्हणाले, “माय सन. यू गॉट?” मी तिथेच लावून दाखवलं. पोरगा घसरतो, दोनदा गडबडतो, गवतात थांबतो. मार्शल धावतात. तो उठून बसतो, मग उभा राहतो, अंगठा दाखवतो. पडल्यापासून नऊ सेकंद. त्यांनी ते दोनदा बघितलं. पोरगा तिकडे पॅडॉकमध्ये धडधाकट चहा पीत होता, त्याला ते भेटूनही आले होते. तरी मला म्हणाले, “प्लीज सेंड. वाइफ विल आस्क.”

मी तिथल्या तिथे पाठवलं. नंबर विचारला, नाव विचारायचं राहून गेलं.

कोल्हापुरात पुन्हा सगळे टीव्हीसमोर. मी आधी माझे भारी शॉट लावले. बंड्या सातवा आला होता, ओव्हरटेक दोन मस्त मिळाले होते. दादाने शिट्टी वाजवली. वहिनी म्हणाल्या, “छान आलंय. आता माझ्या फोनवरचं लावा.”

ते लावलं. तुम्हाला सांगतो, अतिशय कंटाळवाणं चित्र आहे. एक वळण, मुंग्यांएवढ्या गाड्या येतात, जातात, मग सुमारे दोन मिनिटं नुसता रिकामा रस्ता आणि वाऱ्याची घरघर. दादा उठून गेला, बंड्या मोबाइलमध्ये शिरला. वहिनी हलल्या नाहीत. पाचव्या लॅपला तो दुसरा पोरगा पडला तसा त्यांनी पदर तोंडाला लावला.

“उठतोय का हो?”

“बघा ना वहिनी. पुढं बघा.”

तो उठला. त्याने अंगठा दाखवला. वहिनींनी श्वास सोडला आणि डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, “त्याच्या आईला दिसलं का हे?”

म्हटलं, पाठवलंय.

तर, कॅमेरा कुठला घ्यावा असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न एवढाच असतो, की ते बघणार कोण आहे? मित्रांना दाखवायचं असेल तर मोठी लेन्स घ्या, स्टिकर वाचा, मजा करा. पण बघणारी घरी चकल्या तळत बसली असेल, तर आधी एक साधी तिपाई घ्या. बाकीचं सामान नंतर.

असो. पुढच्या शर्यतीला हाच सरंजाम घेऊन जाणार आहे. छत्री तेवढी नवी घ्यायचीय. चकल्या उरल्या तर कळवीन.